मार्लिसला कोणी रागवत नाही

थॉर्नी बॅसेट गावात लहानथोर सगळ्यांना बोलणी बसत. एकट्या मार्लिसला बसत नसत, आणि तेच तिचं दुःख होतं.

मार्लिस मूळची अमेरिकेतल्या आयोवाची. साठीजवळ आलेली, उंचनिंच, हसरी. इंग्रज नवऱ्याच्या मागोमाग इंग्लंडला आली आणि नवरा गेला तरी राहिली. गावच्या चर्चच्या मनोऱ्यात सहा मोठ्या घंटा होत्या. दर गुरुवारी संध्याकाळी सहा जण खाली दोर धरून उभे राहत आणि ठरलेल्या क्रमाने त्या वाजवण्याचा सराव करत. पाचवी घंटा मार्लिसची. सगळ्यांचा म्होरक्या डेस्मंड पेल. जन्मभर गुरांच्या बाजारात लिलाव पुकारलेला माणूस तो, निवृत्त झाला तरी आवाज बाजारातलाच राहिला होता.

"कॉलिन, दातही असेच उपटतोस का रे?" तो गावच्या दाताच्या डॉक्टरला म्हणे. "तरीच तुझ्याकडे कोणी दुसऱ्यांदा फिरकत नाही. आणि बेरिल, घंटा आहे ती, गाय नाही. पिळतेस काय?"

तेवढ्यात मार्लिसची घंटा बेरिलच्या घंटेच्या ठोक्यावरच धाडकन वाजे. अर्ध्या गावाला कळे की पाचवी चुकली. डेस्मंड घसा खाकरून म्हणे, "फारच छान, मार्लिस. जवळपास जमलंच होतं तुम्हाला."

सरावानंतर सगळी मंडळी पबात जात आणि तिथे बिअरबरोबर एकमेकांचा उद्धार सुरू होई. बेरिलची टोपी, कॉलिनची गाडी, काही म्हणून सुटत नसे. डेस्मंड घरी गाजराची वाइन करी, तिला तर लोक वाटेल ते बोलत. मार्लिस एकटी म्हणे, "मला तर फार आवडते." त्याचं बक्षीस म्हणून दर नाताळात तिला एक बाटली मिळे. जिन्याखाली बाटल्यांची रांग लागली होती. मार्लिसला सगळंच आवडे. टोपी सुंदर, गाडी झकास, हवा मस्त. इतकं गोड बोलणाऱ्या माणसाला टोमणा मारायचा म्हणजे इंग्रजाच्या जिवावर येणारच, पण हे तिच्या लक्षात कुठलं यायला?

तिकडे आयोवात तिची धाकटी बहीण जोलीन दर रविवारी फोनवर तोच पाढा वाचायची.

"तिथे तुझं आहे तरी कोण?"

"माणसं आहेत गं माझी."

"माणसं म्हणजे तुला सांभाळून बोलतात तीच ना? घर विक आणि ये. तुझ्या खोलीला पडदेसुद्धा लावून ठेवलेत मी."

हे मार्लिसच्या मनाला लागे. कारण जोलीन तिच्याशी कधीच सांभाळून बोलत नसे.

शेवटी तिने शेजारच्या बेरिलला गाठलं. "खरं सांग, डेस्मंड मला कधीच का रागवत नाही?"

"छे, छे! तुला कशाला रागवेल तो? उलट सगळे म्हणतात, मार्लिस किती चांगली."

"घरच्या माणसाबद्दल कोणी असं म्हणतं का?"

बेरिलने आभाळाकडे पाहिलं. "पाऊस येईलसं वाटतंय," ती म्हणाली.

मग मार्लिसने ठरवलं, ही माणसं आपण होऊन बोलणार नाहीत, यांना बोलतं करायला हवं. सुगीच्या मेजवानीला तिने सफरचंदाचा पाय, म्हणजे आत सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, केला आणि त्यात साखरेऐवजी मीठ घातलं. चिमूटभर नाही, वाटीभर. "माझ्या आईची पाककृती," असं सांगून तिने तो मधोमध ठेवला आणि शिव्यांची वाट पाहत बसली.

सगळ्यांनी खाल्ला. कॉलिनने डोळ्यांत पाणी आणून आणखी एक तुकडा मागून घेतला. बेरिल म्हणाली, "वेगळीच चव आहे नाही?" डेस्मंडने ताटली स्वच्छ केली, पाण्याचा तिसरा पेला रिचवला आणि म्हणाला, "तुमच्या आईंचा हात मोठा असणार."

मार्लिस घरी येऊन स्वयंपाकघरात ढसाढसा रडली. खारट पाय मुकाट गिळतात, पण एक शब्द बोलत नाहीत! अशा लोकांत आणखी वीस वर्षं काढली तरी पाहुणी ती पाहुणीच. रविवारी तिने जोलीनला सांगून टाकलं, "येते मी."

त्यानंतरच्या गुरुवारी ती मनोऱ्यात गेली ती निरोप घ्यायच्या विचाराने, पण आधी सराव करून घेऊ म्हणून दोर धरून उभी राहिली. खोलीच्या भिंतीवर मोडके लाकडी दांडे खिळ्यांनी ठोकलेले होते. घंटा वर उलटी उभी राहते तेव्हा तिला टेकू म्हणून असा एक अडसर असतो. दोर फार जोराने ओढला की हा अडसर मोडतो, घंटा गरगर फिरते आणि दोर सरसर वर जातो. ज्याने मोडला त्याचं नाव दांड्याखाली लिहायची तिथली रीत. डेस्मंडचं नाव दोनदा होतं. हे सगळं आपल्याला आता दिसायचं नाही, असं मार्लिसच्या मनात आलं आणि त्या भरात तिने दोर असा खेचला की वर काडकन आवाज झाला.

अशा वेळी दोर सोडायचा असतो. मार्लिसने तो घट्ट धरला. दोराबरोबर तीही वर निघाली. एक बूट खाली पडला.

"अगं सोड की दोर, ठोंबे!" डेस्मंड गरजला. "छताला जाऊन चिकटायचंय का?"

तिने दोर सोडला आणि ती चटईवर धपकन बसली. वर घंटा फिरून फिरून गप्प झाली. डेस्मंडचा चेहरा पांढराफटक पडला.

"माफ करा, मार्लिस. माझी जीभ घसरली."

मार्लिस हसत होती आणि हसता हसता डोळे पुसत होती. डोक्याला मार लागला की काय म्हणून कॉलिनने तिचे डोळे तपासले आणि सवयीने तोंडही उघडून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी डेस्मंड टाय बांधून तिच्या दारात उभा. हातात गाजराच्या वाइनची बाटली. "काल बोललो ते मी मागे घेतो," तो म्हणाला.

आता मात्र मार्लिसचं डोकं फिरलं.

"मागे बिगे काही घ्यायचं नाही. आठ वर्षांत एक खरा शब्द मिळालाय मला, तो परत न्यायचा नाही. न्यायचीच असेल तर ही बाटली न्या. ओल्या मोज्यांबरोबर गाजरं उकळल्यासारखी लागते ती."

बोलून गेल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. डेस्मंडने टाय सैल केला आणि पायरीवर बसला.

"मग इतकी वर्षं घेतलीस कशाला?"

"तुम्ही देत होता म्हणून."

"तू आवडते म्हणायचीस म्हणून देत होतो. आमच्या घरी कोणी पीत नाही. मीसुद्धा नाही." त्याने बाटली बाजूला ठेवली. "आणि तो पाय?"

"मीठ मुद्दाम घातलं होतं."

"मुद्दाम? अगं, रात्रभर नळाला तोंड लावून होतो मी."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तू इतकी गोड. वाटायचं, एक शब्द वाकडा गेला तर ही रडत विमानात बसेल."

"बोलला नाहीत म्हणूनच बसणार होते," मार्लिस म्हणाली. "घर विकायला काढतेय मी."

डेस्मंडने सैल केलेला टाय काढून खिशात कोंबला.

"आणि पाचवी कोण वाजवणार?"

"मला कुठे जमते ती?"

"नाहीच जमत. एकदा म्हणून वेळेवर पडली नाही तुझी घंटा. पण नवीन माणूस आणला तर त्याला पहिल्यापासून शिव्या घालायच्या. माझ्याच्याने नाही होत आता ते. तू राहा."

तो उठला आणि जाताना बाटली परत घेऊन गेला.

रविवारी सकाळी घंटा झाल्या. मार्लिस तीनदा चुकली आणि तिन्ही वेळा तिला सगळ्यांसमोर ऐकावं लागलं. भिंतीवर तिचा मोडका अडसर ठोकला होता, खाली तिचं नाव. संध्याकाळी जोलीनचा फोन आला.

"पडदे काढून ठेव," मार्लिस म्हणाली. "मी नाही येत."

"का? काय झालं?"

"डेस्मंड मला ठोंबी म्हणाला. सगळ्यांदेखत."

"आणि म्हणून तू तिथेच राहणार?"

"हो. म्हणूनच."

पलीकडे जोलीनने नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"ठोंबीच आहेस तू," ती म्हणाली.