झीटाचे अकरा अर्थ

मुलांनो, इटलीतल्या एका शाळेचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. बाई एकेकाला टेबलापाशी बोलावून तोंडी परीक्षा घेत आहेत. शिपायाच्या मुलीला, झीटाला, त्यांनी इंग्रजीतल्या 'गेट' या क्रियापदाचे अर्थ विचारले. मिळणे, पोचणे, समजणे... तिने पुस्तकातले अकराही अर्थ उदाहरणांसह घडाघडा सांगितले.

"तुला एवढं येतं होय? कोण कुजबुजलं?" बाई म्हणाल्या. "इलारियो, तूच ना रे?"

पहिल्या बाकावरच्या इलारियोने, झीटाच्या जिवलग मित्राने, घाबरून मान खाली घातली. त्याने झीटाला काहीच सांगितले नव्हते, पण बाईंना ती कबुलीच वाटली. बाईंनी झीटाला दहापैकी चार, म्हणजे तिथे नापासाचे, गुण दिले.

झीटा पहिल्या बाकावर जाऊन बसली. मग त्याच प्रश्नासाठी इलारियोची पाळी आली. तिसऱ्या अर्थावरच तो अडला.

"झीटे, सांग की गं!" तो पुटपुटला.

झीटाने वही मिटली आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली.