मंजुळाबाईचा तेलाचा हात

साक्रीच्या पलीकडच्या डोंगरात दिवाळीच्या सुमाराला रोशाच्या भट्ट्या पेटल्या की अख्ख्या गावाला गोडसर, उग्र वास सुटायचा. रोशा म्हणजे साधं रानगवत. पण ते उकळून त्याची वाफ थंड केली की तेल सुटतं, आणि त्या तेलावर गावाचा डॉक्टरपेक्षा जास्त भरवसा. गुडघा धरला, लाव रोशा. बाळंतीण कुडकुडली, लाव रोशा. हंगामाची पहिली धार तर व्यापाऱ्याच्या डब्यात जायचीच नाही. ती घरातल्या आजाऱ्याची. दुखेल तिथं ती तशीच, काही न मिसळता चोळायची. शहाणपण शिकवायला जावं तर लोक तुमच्याच गुडघ्याला लावायला बाटली काढत.

एकोणनव्वद साली वना नावाच्या भट्टीवाल्याच्या घरात आजारी होती त्याची बायको, सुंदरबाई. छातीतली कॅन्सरची गाठ काढली होती आणि मागे काही उरलं असेल तर जळावं म्हणून विजेचा शेक चालू होता. रोज सकाळच्या एसटीने धुळ्याला जायचं, मशीनखाली पडायचं आणि दुपारी ओकारी आवरत घर गाठायचं. शेक बरोबर जागी बसावा म्हणून छातीवर जांभळ्या रेघा काढलेल्या होत्या.

रोशाच्या वासाने मळमळ दबते, घेऊ का, असं तिने दवाखान्यातल्या कुंदाबाई सिस्टरला विचारलं. सिस्टर तोंडाने फटकळ, पण डॉक्टरांना विचारून आली.

"कापसावर एक थेंब टाक आणि लांबूनच वास घे. वासानेच मळमळलं तर फेकून दे. पायाला लावायचं असेल तर वाटीभर तिळाच्या तेलात दोन थेंब, जास्त नाही, आणि आधी एवढ्याशा जागेवर लावून बघ. पोटात मुळीच नाही. आणि शेकाच्या जागेवर तेल नाही, साबण नाही, हळद नाही. तिथली कातडी आधीच भाजलेली आहे, कळलं?"

सुंदरबाईने तसंच केलं. कापसाच्या बोळ्याने चतकोर भाकरी पोटात टिकू लागली. पहिली धार वनाने आणली होती, ती बाटली तिने पेटीत कुलपात टाकली आणि किल्ली पदराला बांधली.

मग एका दुपारी तिला जाग आली ती छातीवर काहीतरी गार लागलं म्हणून. क्षणात त्या गारव्याची आग झाली. चोळी तेलाने ओली, रेघा फिस्कटलेल्या, घरभर रोशाचा वास. दाराची कडी आतून लावलेली होती. किल्ली पदरालाच होती, आणि पेटीतली बाटली अर्धी झाली होती.

धुळ्याला डॉक्टरांनी सोललेली कातडी पाहिली, रेघा पुन्हा काढल्या आणि आवाज न चढवता सांगितलं, की पुन्हा असं झालं तर शेक थांबवावा लागेल, आणि शेक थांबला तर आजाराला रान मोकळं. कुंदाबाईने वनाला सगळ्यांसमोर झापलं. त्याला वाटलं बायकोनेच लावलं असेल.

घरी येऊन त्याने बाटली उकिरड्यावर रिती केली. दुसऱ्या दिवशी भट्टीवर न जाता तो ओसरीवर बसून राहिला. सुंदरबाईचा डोळा लागला आणि पुन्हा तेच, तोच गारवा, तीच आग. ती ओरडली तसा छातीवरचा हात सुटला आणि वना धावत आत आला.

"मायनी आन, मी ओसरीवरथीन हालनू नही," तो म्हणाला.

तिचा त्याच्यावर विश्वास बसला, कारण या वेळी तिने तो हात ओळखला होता. आधी तळव्याचा फुगीर भाग टेकायचा, मग अंगठा गोल फिरायचा. तिच्या दोन्ही बाळंतपणांत याच हाताने तिचं अंग चोळलं होतं. सासू मंजुळाबाईचा हात. मंजुळाबाईला जाऊन वर्ष उलटलं होतं.

त्या भीतीत सुंदरबाईला एक आठवलं, जे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. मंजुळाबाई खोकल्याने गेली असं घर म्हणत होतं. पण मढ्याला आंघोळ घालताना सुंदरबाईनेच चोळी सोडली होती. आत छातीवर फुटलेली गाठ होती, काळी पडलेली, आणि तिच्यावर रोशाच्या तेलाचा जुना थर. म्हातारीने ती लाजेने लपवली, आणि दिवसांमागून दिवस पदराआड एकटीच चोळत राहिली. सुंदरबाईने चोळी पुन्हा बांधली आणि गप्प बसली. सासूची अब्रू झाकली असं तिला तेव्हा वाटलं होतं.

तिसऱ्या दुपारी तिने वाटीत तिळाचं तेल घेतलं, शेजारणीकडच्या रोशाचे दोन थेंब त्यात टाकले आणि वाटी पायाशी ठेवली. मग डोळे मिटून पडली, पण जागी राहिली. बाहेर कोंबड्या चरत होत्या. हळूहळू वास आला. तळव्याचा तो भाग छातीवर टेकला, पण अंगठा फिरायच्या आत ती बोलली.

"आठे छातीले नका लावू, माय. तुम्हना हात लागना ते मना शेक बंद पडी, न मी मरी जासू." हात थांबला. "तुम्हीन गाठ कोणलेच दखाडी नही. मी डॉक्टरले दखाडी दिन्ही. आते पायले लावा."

हात लगेच उचलला गेला नाही. मग तिला कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला, पदर तोंडाशी धरून रडताना येतो तसा. छातीवरचा भार हलका झाला. पायाशी वाटी हलली, आणि टाचेवर उबदार तेल लागलं. सुंदरबाई भीतीने आणि मायेने एकदमच रडली.

संध्याकाळी वना आला तेव्हा तिचे पाय दिव्याच्या उजेडात चकाकत होते आणि छातीवरच्या रेघा कोरड्या होत्या. पाय कोणी चोळले, असं त्याने विचारलं. मायनेच चोळले, छातीवरचा हातही तिचाच होता, असं तिने खरं ते सांगितलं.

तो हसला नाही. उंबऱ्यावर खाली बसला.

"मायले काय व्हयेल व्हतं?" त्याने विचारलं.

सुंदरबाईने त्याला जवळ बसवलं आणि आंघोळ घालताना चोळीखाली दिसलं होतं ते सगळं सांगितलं.