आबांचा पत्ता

साखर कारखान्याच्या कचेरीत प्रत्येक संगणकाला नेटवर्कमधला पत्ता, म्हणजे आयपी क्रमांक, वाटून देणारा सर्व्हर आम्रपाली सांभाळायची. पत्ते संपत आले की इशारा वाजेल, अशी सोय तिने केली होती. तिथंच काम करणारे तिचे आबा वारले, तेव्हा तिने गुपचूप आणखी एक इशारा लावला: आबांच्या बंद संगणकाने पत्ता मागितला, की वाजायचं.

खंडेनवमीला तो वाजला. ती धावतच गेली.

आबांच्या संगणकावर झेंडू वाहून जोतीमामा शिपायाने बटण दाबलं होतं.

"अगं पोरी, पुजलेलं यंत्र बंद ठेवत्यात व्हय? दसरा झाला की हितं नवा माणूस बसंल. तू यंत्राला देतीस त्यो पत्ता बदलणार?"

"नको मामा. आबांचाच राहू दे."

परत जाऊन तिने फक्त तो गुपचूप लावलेला इशारा काढला.