गाणं अजून संपलेलं नाही

मी या सभागृहातला मोठा पियानो. बोलतोय असं म्हणत नाही, कारण साधं बोलून माझं आजवर कुणी ऐकलेलं नाही. आज मी भांडणार आहे.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा माणसांनी जीव ओतला होता माझ्यात. माझ्या पोटात लोकरीच्या जाड थराने मढवलेले छोटे हातोडे आहेत. पट्टी दाबली की हातोडा तारेवर पडतो आणि लगेच मागे सरतो. नाही सरला तर सूर गुदमरतो. आपलं काम झालं की बाजूला व्हावं, एवढी अक्कल माझ्या हातोड्यांनाही आहे. पुढे ज्या माणसांशी गाठ पडली त्यांच्यात ती फारशी दिसली नाही.

इथे आलो आणि माझं टेबल झालं. भाषणं करणारे माझ्यावर कोपर टेकायचे. मध्यंतरात चहाचे ओले कप माझ्याच अंगावर. व्यवस्थापक पाहुण्यांना ऐटीत सांगायचा, आमच्याकडे पियानो आहे बरं का, आणि सांगता सांगता स्वतःची पिशवी माझ्यावर ठेवायचा.

मग पियानो वाजवणाऱ्या बाई आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळे कप गोळा केले, व्यवस्थापकाच्या हातात दिले आणि वाजवायला बसल्या. तिथेच आमचं जमलं.

बाईंना फ्रेंच गाण्यांचं वेड. एक कविता, एक आवाज, एक पियानो, तीन-चार मिनिटांचा सगळा कारभार. पण त्यात पियानो म्हणजे गाणाऱ्याच्या मागे मागे फिरणारा नोकर नव्हे. आवाजाला जे सांगता येत नाही ते पियानो सांगतो. लोकांनी नाकं मुरडली. भाषा कळत नाही म्हणाले, झोप येते म्हणाले. बाई हट्टाला पेटलेल्या. प्रत्येक गाण्याआधी उभ्या राहून दोन वाक्यांत अर्थ सांगायच्या आणि सुरू करायच्या. हळूहळू सभागृह भरायला लागलं.

बाईंची धाकटी बहीण स्वरलिपीची पानं उलटायला शेजारी बसायची. ती लहान मुलांना पियानो शिकवायची आणि ताईला मनसोक्त टोमणे मारायची. एकटीने वाजवलं असतंस तर एव्हाना नाव झालं असतं, बस आता दुसऱ्यांच्या सावलीत, असं तिचं चालायचं. बाई हसून सोडून द्यायच्या. वर्तमानपत्रात गाणाऱ्यावर रकानेच्या रकाने यायचे आणि शेवटी एक ओळ, ‘पियानोची साथ अनुरूप होती.’ अनुरूप! धाकटीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्याही.

गाणारे एक नामांकित गृहस्थ होते. मी त्यांना गळासाहेब म्हणतो. आवाज खरंच सोन्यासारखा, खोटं कशाला बोलू? वर्षानुवर्षं बाईंबरोबर गायले.

बाईंचं सगळ्यात लाडकं एक गाणं होतं. त्यात एक स्त्री दारात उभी राहून आपल्या माणसाला निरोप देते. ‘जा’ म्हणते आणि दार लावून घेते. तिथे आवाज संपतो. पुढचं सगळं माझ्याकडे. तो माणूस गल्लीतून चालत जातो, त्याची पावलं मी वाजवतो. मध्येच तो थांबतो. मी गप्प होतो. वळून बघेल का तो? मग पुन्हा पावलं, आणि दूर जाऊन संपतात. त्या थांबण्यात अख्खं गाणं आहे.

आणि ते थांबणं कधी, कधी म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही! ‘जा’ म्हटलं रे म्हटलं की गळासाहेब हसत लोकांकडे झुकायचे, आणि लोक कडाकड टाळ्या वाजवायचे. त्या गदारोळात बाई शेवटपर्यंत वाजवत राहायच्या. एकही सूर गाळायच्या नाहीत. कुणासाठी, सांगा ना? मी आणि धाकटी, आम्ही दोघंच ऐकणारे.

बाईंनी काय कमी केलं? कार्यक्रमपत्रिकेत सूचना छापली, कुणी वाचली नाही. एकदा आधीच सांगितलं, की आवाज थांबल्यावर जरा दम धरा. तर व्यवस्थापक फुरंगटला. लोक करमणुकीला येतात, त्यांची शाळा घेऊ नका म्हणाला. मग एका सरावाच्या वेळी त्या सरळ गळासाहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“‘जा’नंतर हलू नका. तुमचं गाणं संपतं तिथे. आपलं नाही संपत.”

“अहो, लोक टाळ्या देतायत आणि मी पुतळ्यासारखा उभा राहू? उद्धट दिसतं ते.”

“एकदा. फक्त एकदा करून बघा.”

बघतो म्हणाले. त्या कार्यक्रमात ‘जा’ म्हणाले आणि नेहमीसारखे कमरेत वाकले. पालथ्या घड्यावर पाणी. बाईंच्या बोटांखाली मी होतो, म्हणून मला कळलं, त्या दिवशी पावलं जरा घाईने गेली.

पुढे बाईंना आजारपण आलं आणि त्यात त्या गेल्या.

इथेच त्यांच्या आठवणीची सभा झाली. सभागृह तुडुंब. ज्यांनी नाकं मुरडली होती ते माईकवर गहिवरून बोलले. शेवटी धाकटी ताईच्या जागी बसली आणि गळासाहेबांनी तेच गाणं गायलं. ‘जा’ म्हणाले आणि मान खाली घालून उभे राहिले. हलले नाहीत. कुणीही हललं नाही. पावलं निघाली, गल्लीत गेली, थांबली. मी गप्प झालो, आणि माझ्याबरोबर सगळं सभागृह गप्प झालं. मग पावलं पुढे गेली.

मला हुंदका यायला हवा होता. आली ती तिडीक! कारण ही शांतता बाईंच्या कामाला मिळालेली नव्हती. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, म्हणून ही मंडळी गप्प होती.

सभा उठली. गळासाहेब जवळ आले, माझ्यावर हात ठेवून धाकटीला म्हणाले, “शेवट काय सुंदर आहे हो! तुम्ही नवीन बसवलात का?”

धाकटीने माझ्या पट्ट्या झाकल्या. त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“पहिल्यापासून आहे,” ती म्हणाली.

त्यानंतर मला कुणी उघडलेलं नाही. व्यवस्थापकाची पिशवी पुन्हा माझ्यावर असते. असू दे. रसिकहो, तुम्हाला गप्प बसता येतं, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. आता येत नाही म्हणून सांगू नका. कुठे ना कुठे अजून कुणीतरी वाजवत असेल, जिवंत असेल. तिथे हात मांडीवर ठेवा.