आईचा पाय

सिस्टरने हातमोजे चढवले, तसा आईने पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

“तू नको. डॉक्टर बघतील.”

ही ड्रेसिंग रूम सिस्टरची. मधुमेहाच्या रुग्णांचे पाय सांभाळण्यात तिची बावीस वर्षं गेलेली. अर्धं शहर तिच्यासमोर बिनतक्रार पाय पुढे करायचं आणि सख्खी आई तीन आठवडे मोजा काढायला तयार नव्हती. पिकतं तिथे विकत नाही, म्हणतात ते काही खोटं नाही.

ती तणतणतच बाहेर गेली आणि तिने नव्या डॉक्टरांना गाठलं. जेमतेम सत्तावीसचे, जखम कशी धुवायची हे सहा महिन्यांपासून तिच्याकडूनच शिकत होते.

“आईला एवढं सांगा. अनवाणी चालायचं नाही, पायावर भार द्यायचा नाही. रोज ड्रेसिंग, आणि ते मी करणार.”

डॉक्टरांपुढे मोजा मुकाट निघाला. अंगठा टोकाला काळा पडला होता. डॉक्टरांनी आधी सिस्टरकडे पाहिलं, मग पढवलेलं सगळं म्हणून दाखवलं. ड्रेसिंगचं विसरले, ते तिने पुरं केलं.

“मध्ये बोलू नये गं,” आई म्हणाली. “त्यांना सांगू दे.”

सिस्टरचा नुसता जळफळाट झाला.

“सर्जनना दाखवू. होईल बरं, आजी,” असं म्हणून डॉक्टर गेले. दार लागलं आणि तिला राहवलं नाही.

“तीन आठवडे, आई! माझ्यावर इतकासुद्धा विश्वास नाही? त्या पोराचं ऐकतेस, तेही मीच पढवलेलं!”

“कळलं मला ते. सारखा तुझ्याकडे बघत होता.” आई अंगठ्याकडे पाहत राहिली. “तुझ्या बाबांच्या वेळी सगळे डॉक्टर म्हणत होते, होतील बरे. तू एकटी म्हणालीस, नाही होणार. तेव्हापासून तुझी भीती वाटते गं. तू सांगितलंस की ते तसंच असतं.”

सिस्टर समोरच्या स्टुलावर बसली.

“आता बघ,” आई म्हणाली, “आणि खरं ते सांग.”

तिने पाय मांडीवर घेतला. काळ्या भागाची कड दाबून पाहिली, घोट्यामागची नाडी चाचपली, पुन्हा एकदा चाचपली. असं कुणी विचारलं की आजवर ती ‘डॉक्टर सांगतील’ म्हणून मोकळी व्हायची.

“अंगठा जाईल,” ती म्हणाली. “पाय राहील.”

आईने डोळे पुसले. डॉक्टरांना विचारून ये, असं काही ती म्हणाली नाही.