दिलेलं नाव

मांजरीचं पिल्लू मी नेलं ते कोलमनकाकासाठी. त्या वर्षी काकाचं डोकं विरत चाललं होतं. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवायचं नाही, आणि गाई विकून जमाना झाला तरी धारेच्या वेळेला बादली शोधत अंगणात फिरायचा. घरी येणारी नर्स म्हणाली, त्याच्या मांडीवर काहीतरी ऊबदार द्या, हात गुंतले की माणूस शांत राहतं. ती नर्स मला एरवी आवडत नाही, म्हाताऱ्यांशी तान्ह्या बाळांशी बोलल्यासारखं बोलते. पण माझ्या जळणाच्या खोपीत करड्या मांजरीनं पिल्लं घातलेलीच होती. त्यातली एक मादी उचलली, टोपलीत घातली आणि काकाच्या स्वयंपाकघरात नेऊन सोडली.

काकानं तिला कोटाच्या आत घेतलं, गुंडी लावली आणि विचारलं, "हिचं नाव काय?"

नाव नव्हतं. आणि काकाची अट जुनीच होती, त्याच्या घरातल्या जनावराला आयरिशच नाव पाहिजे, इंग्रजी नावाला जनावर मनापासून येत नाही. बारब्राकाकू सिंकपाशी बटाटे सोलत होती. ती म्हणाली, इंग्रजी नावाची मांजरं इंग्लंडमध्ये उपाशी मेल्याचं तिच्या तरी ऐकिवात नाही. पण तिनंही सुरी बाजूला ठेवून खुर्ची ओढली.

आमच्या किनाऱ्यावर जनावराचं नाव ठेवणं सोपं काम नाही. गावात जे माणूस हयात आहे त्याचं नाव जनावराला द्यायचं नाही, हा कायदा पाद्रीबाबांच्या कायद्यापेक्षा कडक. माझ्या वडिलांनी एकदा गाढवाला फिनबार म्हटलं, तर खाडीपलीकडचा फिनबार मरेपर्यंत आमच्या दारावरून मान वळवून गेला. बरं, गावात नावं तरी किती? पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं, तीच ती नावं घरोघरी फिरत राहतात. मांजरासाठी उरतं काय?

मी ग्रॉन्या सुचवलं. ग्रॉन्या पोस्टात बसते, काकाचं पेन्शन तिच्याच हातून येतं, तेव्हा ते बाद. दर्वला म्हटलं, तर दर्वला म्हणजे ती नर्सच. मग मी मेव म्हणाले.

"मेव पुलाजवळ राहते," काका म्हणाला, "आणि तिला मिशा आहेत. मांजराला मेव म्हटलं तर ती म्हणेल, मिशांवरूनच ठेवलं."

काकू हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. जुनं सगळं काकाच्या डोक्यात जागच्या जागी होतं, मिशांसकट. गेलं होतं ते कालचं आणि आजचं.

आम्ही असेच गावभर हिंडलो, घराघरांतून नावं काढली आणि परत ठेवली. शेवटी मी वैतागून म्हणाले, मग एन्या म्हणा. एन्या माझ्या आजीचं नाव, म्हणजे काकाच्या आईचं. माझ्या जन्माआधीच ती गेलेली, आणि आता गावात एकही एन्या उरलेली नाही. आईचं नाव मांजराला देतेस का म्हणून काका चिडेल, अशी माझी अपेक्षा होती. तेवढीच गंमत.

काका चिडला नाही. पिल्लाच्या मानेवरून बोट फिरवत साध्या आवाजात म्हणाला, "ते नको. ते दिलेलं आहे."

"कुणाला दिलंय?" मी विचारलं.

"आमच्या लहानीला."

काकूचा हात टेबलावर होता तिथेच राहिला.

काकूला एकच मूल झालं होतं, मुलगी, आणि पाद्रीबाबा घरी पोचायच्या आत ती गेली. बाप्तिस्मा झाला नाही म्हणजे चर्चच्या दफनभूमीत जागा नाही, असा तेव्हाचा नियम. तो करणाऱ्यांचं वाटोळं होवो, असं मी आजही तोंडावर म्हणते. असल्या पोरांना किलीनमध्ये न्यायचे. किलीन म्हणजे गावाबाहेर समुद्राच्या वर एक काटेरी माळ, तिथे नुसते दगड ठेवलेले, एकाही दगडावर अक्षर नाही. बाप दिवेलागणीला पेटी काखेत घेऊन एकटा जायचा. आई बाळंतिणीच्या बिछान्यात असायची, आणि तिला जागा सांगायची नाही. सांगितली तर ती तिथे जाऊन बसेल, न सांगितली तर विसरेल. नावही ठेवायचं नाही. नाव नसलेलं लवकर विसरता येतं, असं त्या शहाण्यांना वाटायचं.

काकू विसरली नाही. माझी आई गेली त्या हिवाळ्यात काकू एकदाच माझ्यापाशी बोलली होती. "वासरू पुरतात तसं पुरून आला, नोरीन," म्हणाली, "आणि दुसऱ्या दिवशी बोटीवर कामाला गेला." तिनं त्याला कधी विचारलं नाही आणि त्यानं कधी सांगितलं नाही. त्यानंतर ती दोघं एका ताटातलं जेवावं तशी राहिली, भांडण नाही, तंटा नाही, पण तेवढ्या एका गोष्टीसाठी तिनं त्याला माफ केलं नव्हतं. आणि आता त्याचं डोकं जायला लागल्यापासून ती दिवसातून कितीदा तरी त्याच्याकडे बघत बसायची. तिची लेक कुठे आहे हे जगात फक्त त्या डोक्यात होतं, आणि ते डोकं रोज थोडं थोडं रिकामं होत होतं. विचारलं आणि तो म्हणाला आठवत नाही, तर? या भीतीनं ती विचारत नव्हती. हे मला ठाऊक होतं आणि मी त्यात कधी तोंड घातलं नव्हतं.

आता तिनंच विचारलं. "तू तिचं नाव ठेवलंस?"

"ठेवलं की. ओढ्याचं पाणी घेतलं ओंजळीत, तिच्या कपाळावर सोडलं. पाद्रीबाबा म्हणाले होते, गेल्यावर पाण्याचा काही उपयोग नाही. मी त्यांना विचारायला गेलोच नव्हतो."

"पहिली मुलगी," काकू म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "माझ्या आईचं नाव तिचं. सोरखा. मी मनात सोरखाच म्हणते तिला. आजपर्यंत सोरखाच म्हणत आले."

काकानं तिच्याकडे पाहिलं. त्या घटकेला त्याचे डोळे अगदी लख्ख होते, मी शपथेवर सांगेन.

"तुझी आई जिवंत होती, बारब्रा. जित्या बाईचं नाव मातीत कसं ठेवू? माझी आई गेलेली. म्हटलं तिचं द्यावं. म्हणजे पलीकडे कुणीतरी असेल ना तिला हाक मारायला. परकी कोण हाक मारणार?"

मी उठून किटली चुलीवर ठेवली, कारण मला त्यांच्याकडे बघवेना. ज्या माणसाला आम्ही सगळ्यांनी दगड म्हटलं, त्यानं त्या माळावर एकट्यानं बसून एवढा विचार केला होता. आणि घरी येऊन तो बायकोला सांगितला नव्हता. मला त्याची माया आली आणि त्याच क्षणी त्याला गदागदा हलवावंसंही वाटलं.

काकूनं खुर्ची पुढे सरकवली. "कुठे ठेवलंस तिला, कोलमन?"

"समुद्राच्या बाजूला. वारा लागू नये म्हणून..."

तो थांबला. पिल्लानं कोटातून डोकं बाहेर काढलं होतं. काकानं खाली पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"अरेच्चा, ही कोण?"

"कशाच्या आडोशाला, कोलमन? वारा लागू नये म्हणून कुठे?"

"कुणाला वारा लागतोय? दार लाव की."

तिनं पुन्हा विचारलं, हळू विचारलं, मग नावानं विचारलं. एन्याला कुठे ठेवलंस? तो म्हणाला आई मागच्या खोलीत असेल. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो घाबरला आणि माफी मागायला लागला. काय केलं ते त्याला माहीत नव्हतं, पण काहीतरी चुकलं एवढं कळत होतं. तेव्हा काकूनं विचारायचं थांबवलं. त्याचे दोन्ही हात पिल्लावर नीट ठेवले आणि म्हणाली, काही नाही रे, काही नाही.

चहा झाला. काकानं परत विचारलं की मांजरीचं नाव काय.

"सोरखा," काकू म्हणाली.

मी म्हटलं, काकू, असं नको.

"का नको? आई जाऊन किती वर्षं झाली. गावात दुसरी सोरखा नाही. आणि पोरीला नाव आहे, तिला याची गरज नव्हती. मीच आपली उगाच जपून ठेवलं होतं." एवढं बोलून ती उठली आणि बटाटे धुवायला लागली. सोललेले बटाटे तिनं पुन्हा पुन्हा धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दोघांना गाडीतून किलीनला नेलं. वाटलं होतं, जागा बघितली की पाय आपोआप वळतील. गुरांना वाट आठवते, माणसाला का नाही आठवणार? काका फाटकाशी उभा राहिला, टोपी काढली, समुद्राकडे बघितलं. हवा छान आहे म्हणाला. मग मला विचारलं, हे रान कुणाचं, इतके दगड कसे राहू दिले, वेचायला नकोत का?

समुद्राच्या बाजूला दगडच दगड होते. कितीतरी घरांची पोरं होती ती, आणि प्रत्येक बापानं वाऱ्यापासून आडोसाच शोधला असणार. काकू फाटकापाशी थोडा वेळ नुसती बघत राहिली. मी म्हणाले, चल परत जाऊ, पाय घसरतील. ती ऐकणारी नव्हती. तिनं माझा हात सोडला आणि पहिल्या दगडापाशी गेली, गुडघ्यावर हात टेकून वाकली आणि म्हणाली, "एन्या."

मग दुसऱ्या दगडापाशी गेली. तिथे वाकून म्हणाली, "एन्या." एकही दगड तिनं सोडला नाही. काट्यांत अडकलेलेसुद्धा हातानं झुडूप बाजूला करून शोधले. मी काकाला धरून उभी होते, मला रडू आवरत नव्हतं आणि मी आवरलंही नाही. वारा आमच्याकडे होता, त्यामुळे प्रत्येक हाक स्पष्ट ऐकू येत होती.

काका कान देऊन ऐकत होता. "ती बाई कुणाला शोधतेय?" त्यानं मला विचारलं.

मी म्हणाले, मुलीला.

"मग आपणही शोधू या," तो म्हणाला, आणि माझ्या हातातून सुटून, टोपी छातीशी धरून, तीच हाक मारत दगडांमधून चालायला लागला.