घसा बसलेली आई

“नीले, तू नुसते ओठ हलव गं. सूर बाकीच्या सांभाळतील.”

मावशीचा तो आवाज. मी नऊ वर्षांची. चिंचवडच्या सोसायटीच्या गच्चीवर भोंडला, पाटावर खडूनं काढलेला हत्ती, आणि फेर धरलेल्या मुलींत मी एकटी बिनआवाजाची. मावशी काही दुष्ट नव्हती. तिला खिरापत वाटायची घाई होती आणि माझ्या सुरानं फेर बिघडत होता, एवढंच. तेव्हापासून मी ओठ हलवायला शिकले. शाळेच्या प्रार्थनेत, मंगलाष्टकांत, इथे मेलबर्नला आल्यावर मंडळाच्या आरतीतसुद्धा. कुणाला कधी कळलं नाही.

म्हणून तो व्हिडिओ करताना मला त्यात काही वावगं वाटलंच नाही.

आमची दत्तकाची फाइल साडेतीन वर्षं चालली. सोशल वर्कर बाई इथल्या पॉइंट कुक उपनगरातल्या आमच्या घरी येऊन कुंपण, फ्रीज, आमचं लग्न, सगळं तपासून गेल्या. मग एक दिवस विदर्भातल्या एका संस्थेतून साडेचार वर्षांच्या मुलीचा फोटो आला. उर्वी. डोळे असे की कुणी हाक मारावी आणि त्यांनी आत्ता वळावं. संस्थेनं कळवलं, एक व्हिडिओ पाठवा. मुलीला तुमचे चेहरे, तुमचे आवाज ओळखीचे होऊ देत.

अवधूतनं, माझ्या नवऱ्यानं, फोन स्टँडला लावला. मी सोफ्यावर बसून बाहुली दाखवली, तिची खोली दाखवली. “आता एखादं गाणं म्हण ना,” तो म्हणाला, आणि मी बाहुलीचा फ्रॉक सारखा करायला लागले.

श्यामलावहिनी तेव्हा घरातच होती. ती माझी थोरली जाऊ, नंदूभावजींची बायको. वेरिबीला राहते, गाडीनं पंधरा मिनिटं. बँकेत आयटीची नोकरी, दोन मुलगे, आणि गळा असा की भांडी लावताना गुणगुणली तरी घर कान देऊन ऐकतं. आत्याकडून ओव्या शिकलेली. आठवली नाही तर उभ्या उभ्या रचते.

“तू बस गं अशीच,” ती म्हणाली. “मी कॅमेऱ्यामागून म्हणते. कोण बघायला येतंय!”

आणि तिनं म्हटलं,

“लांब देशीची गं मैना, तिला वाटेत ऊन भारी,
माझ्या पदराची सावली, धरते मी वरच्यावरी.”

मी ओठ हलवले. सराव होताच.

दोन आठवड्यांनी संस्थेच्या ताईंचा फोन आला. “अहो, दिवसातून तीनदा लावून मागते पोरगी. ‘गाणंवाली आई’ म्हणते तुम्हाला.” अवधूतच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हसले. हसता हसता छातीत बारीक काटा मोडला. गाणंवाली आई. म्हणजे मी नव्हेच.

हेवा मला नवा नव्हता. वहिनीला न मागता दोन झाली. मी त्यांची दुपटी धुतली, त्यांना जोजवलं, आणि घरी परतताना फ्रीवेवर गाडीत एकटीच रडले. एकीच्या आडाला पाणी, एकीच्या हाती नुसता पोहरा. पण ही तरी माझी होती. निदान हिच्या कानात तरी आधी मी जायला हवं होतं.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर उर्वी म्हणायची, “म्हण.” तिथलं नेट तुटायचं. मला तो बहाणा फुकट मिळायचा.

नोव्हेंबरमध्ये आम्ही तिला आणायला गेलो. मेलबर्नहून मुंबई, मुंबईहून नागपूर, पुढे गाडीनं. संस्थेच्या पडवीत ती नवा फ्रॉक घालून बसली होती. माझ्याजवळ आली, मांडीवर हात ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, “म्हण.”

“घसा बसलाय गं राणी. विमानात फार गार होतं.”

तिनं समजूतदारपणे मान हलवली. आणि त्या क्षणी माझा घसा बसला तो बसलाच.

पॉइंट कुकला आलो. सोशल वर्कर बाईंनी सांगितलं होतं, सहा आठवडे पाहुणे नकोत. भरवणं, न्हाणं, झोपवणं तुम्ही दोघांनीच. मी त्या सहाचे सोळा केले. वहिनी दारात डबे ठेवून जायची. साबुदाण्याची खिचडी, गूळपोळ्या. गाडीतूनच हात करायची आणि मग फोनवर म्हणायची, “काय गं नीलू, तुझ्या घराला वेगळा व्हिसा लागतो का? कुठं अप्लाय करायचं ते तरी सांग.”

“अजून थोडे दिवस, वहिनी. ती बुजते.”

“बरं बाई. नो वरीज.”

बुजत कोण होतं ते अवधूतला ठाऊक होतं. “सांगून टाक,” तो म्हणायचा. “लहान आहे, चालून जाईल.”

“आणि तिनं वहिनीच मागितली तर?”

“अगं, ती काय दुकानातली बरणी आहे? हीच द्या म्हणायला?”

“तू गप्प बस.”

तो व्हिडिओ ज्यात होता तो टॅब बिघडला असं उर्वीला सांगून मी कपाटात टाकला होता. ती शाळेत गेली की मात्र काढायचे. आवाज बंद ठेवून बघायचे. पडद्यावरची बाई सुंदर गात होती; मान डोलवत होती, डोळे मिटत होती. चेहरा माझाच, आणि मला तिचाच हेवा वाटायचा. मग आवाज सुरू करायचे, आणि वहिनीचा वाटायचा.

इकडे उर्वी माझ्या घशाच्या मागे लागली. दूध प्यायला दिलं तर “हळद टाक, तू पी.” वारा सुटला की माझ्या गळ्याला तिचाच छोटा स्कार्फ गुंडाळायची. इंजेक्शनसाठी डॉक्टरांकडे नेलं, तर स्वतःचा दंड लपवून त्यांना म्हणाली, “पहिले आईचं पाहा.” डॉक्टरांनी खरंच बॅटरी लावून पाहिलं. “ऑल गुड, मेट,” ते तिला म्हणाले. घरी येईपर्यंत ती माझ्या गळ्याकडेच बघत होती.

मार्चमधला शनिवार. दुपारी वाळवंटावरून येणारा उत्तरेचा गरम वारा होता, म्हणून गॅरेजचं दार वर करून सावलीत मी कपडे वाळत घालत होते. उर्वी खडूनं जमिनीवर घरं काढत होती. तेवढ्यात वहिनीची गाडी ड्राइव्हवेवर आली. डबा ठेवून जाणार, नेहमीसारखी. आम्ही आत आहोत असंच तिला वाटलं असणार, कारण मागच्या सीटवरून डबा काढता काढता ती स्वतःशीच गुणगुणत होती.

“लांब देशीची गं मैना...”

उर्वीच्या हातातला खडू थांबला. ती उठली. मी हाक मारली, ती थांबली नाही. वहिनीसमोर जाऊन उभी राहिली आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग मागे वळून माझ्या तोंडाकडे.

वहिनीनं ओळ अर्धीच सोडली. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. सोळा आठवडे, दारातले डबे, सगळं. मला वाटलं, आता बोलेल. तिला बोलायचा हक्क होता.

ती उकिडवी बसली आणि हसून म्हणाली, “तुझ्या आईनं शिकवलं गं मला हे गाणं. मला कुठलं येतंय!”

चिडावं तरी कसं? तिनं आवाज काढून माझ्या ओटीत घातला, नारळासारखा. देणारी परत तीच, घेणारी परत मीच. अंगाची आग झाली. तरी गप्प राहिले असते. खरंच राहिले असते.

पण उर्वी माझ्याकडे परत आली. खडूनं पांढरी झालेली बोटं तिनं माझ्या गळ्यावर ठेवली.

“आई, मी आली म्हणून गेला का तुझा आवाज?”

“काय?”

“मी नव्हती तेव्हा होता. मोबाइलमध्ये होता. मी आली अन् गेला. डॉक्टरनं म्हटलं, घशाला काहीच नाही. मग मीच नं?”

सोळा आठवडे ती हे उराशी धरून माझ्यासाठी हळद मागत होती.

मी खाली बसले. तिचे दोन्ही हात धरले. वहिनी हळूच म्हणाली, “नीलू, असू दे गं,” आणि मी नकारार्थी मान हलवली.

“नाही उर्वी. तुझ्यामुळे काही गेलं नाही. माझा घसा कधी बसलाच नव्हता. मोबाइलमधलं गाणं या काकूनं म्हटलंय, श्यामलाकाकूनं. मला गाता येत नाही, लहानपणापासून नाही. काकूचा आवाज ऐकलास तर तुला तीच आई हवी होईल, म्हणून मी तुला खोटं सांगितलं, आणि तिला घरात येऊ दिलं नाही.”